डोंगर हिरवा झाला, पण गवत कुठे गेले? औंध-खटावच्या माळावर परक्या झाडांनी काय बदलले, समजून घ्या

फेब्रुवारी-मार्च आला की सातारा-पुणे पट्ट्यातल्या टेकड्यांचे गुलाबी फोटो मोबाइलवर फिरू लागतात. खाली ‘आपला चेरी ब्लॉसम’ अशी ओळ हमखास असते. हे झाड म्हणजे ग्लिरिसिडिया. मराठीत गिरिपुष्प, गावाकडे उंदीरमारी. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. दिसायला देखणे असले तरी औंध, खटाव, माण, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातल्या माळरानांसाठी हे झाड आणि त्याच्या जोडीची वेडी बाभूळ डोकेदुखी ठरली आहे. कारण या माळाची खरी संपत्ती गवत आहे.

माळ म्हणजे पडीक जमीन का?

औंधच्या मूळपीठ डोंगरावर यमाईच्या दर्शनाला गेले की उन्हाळ्यात चहूकडे पिवळट, विरळ झाडांचा मुलूख दिसतो. जंगल तोडल्यामुळे तो असा उघडा पडला, असा सर्वसाधारण समज आहे. काही ठिकाणी तो खराही असेल. पण महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या या पूर्व भागात सरासरी जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसावर, मुरमाड आणि उथळ मातीत मुळातच दाट जंगल उभे राहत नाही. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ हीच इथली मूळची वनस्पती. त्या गवतावर खिलार जनावरे आणि मेंढ्यांचे कळप जगले. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, माळटिटवी हे सगळे त्याच गवताचे रहिवासी.

सरकारी दफ्तर याकडे वेगळ्या नजरेने पाहते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि चराऊ राने ‘पडीक’ या सदरात येतात. आणि पडीक म्हटले की तिथे काहीतरी लावलेच पाहिजे, हे ओघाने आले.

ग्लिरिसिडियाच का लावला?

कारण तो जगतो. 1972च्या दुष्काळानंतरच्या दशकांत वनीकरणाला वेग आला, तेव्हा हे झाड सगळ्या निकषांत बसले. फांदी रोवली तरी फुटते, पाणी कमी लागते, झपाट्याने वाढते आणि हिरवा पाला जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत. लावली किती आणि जगली किती, एवढाच हिशेब मांडायचा तर ग्लिरिसिडिया पहिला नंबर काढणारच. त्या झाडाखाली काय मेले, याचा रकाना तक्त्यात नव्हता.

प्रत्यक्षात होते असे, की गवताला भरपूर ऊन लागते आणि दाट लावलेल्या ग्लिरिसिडियाखाली ते मिळत नाही. शिवाय हे शेंगवर्गीय झाड मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्र साठवते. शेतात हा गुण उपयोगी आहे, म्हणूनच बांधावर हिरवळीच्या खतासाठी त्याची शिफारस होते. पण माळावरची गवते आणि रानफुले कमी नत्राच्या मातीला सरावलेली असतात. तिथे हेच खत तण वाढवते.

‘या झाडावर पक्षी बसत नाहीत’ हे सोशल मीडियावरचे वाक्य मात्र अतिशयोक्त आहे. फुलांवर मधमाश्या येतात, पक्षीही येतात. अडचण वेगळी आहे. चंडोल, धाविक, टिटवी हे पक्षी घरटे जमिनीवर करतात आणि शत्रू लांबून दिसावा म्हणून त्यांना मोकळी जागा लागते. झाड देशी की परके हा त्यांच्यासाठी नंतरचा प्रश्न. उघड्या माळावर दाट वडा-पिंपळाची लागवड केली, तरी ते तिथून उठतीलच.

वेडी बाभूळ कशी पसरली?

ही विलायती बाभूळही अमेरिका खंडातली. 1870च्या दशकात ती भारतात आणली गेली. जळणाला चांगली, म्हणून पुढे ठिकठिकाणी लावली गेली. शेळ्या-मेंढ्या गोड शेंगा खातात, बी न पचता लेंडीतून बाहेर पडते आणि कळप जिकडे जाईल तिकडे झाड उगवते. तोडले तर बुंध्यातून आणखी जोमाने फुटते. दुष्काळात कित्येक चुली याच लाकडावर पेटल्या, हेही विसरता येत नाही. त्यामुळे ‘सरसकट उपटून टाका’ म्हणणे शहरात बसून सोपे आहे.

हवामानबदलाचा काय संबंध?

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याचा फायदा उष्ण प्रदेशातल्या गवतांपेक्षा झाडाझुडपांना अधिक होतो, कारण दोघांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी आहे. म्हणजे गवत आणि झुडपांच्या स्पर्धेत तराजू आधीच झुडपांकडे झुकतो आहे. दुसरा बदल पाण्याचा. उरमोडी, टेंभू यांसारख्या योजनांचे पाणी माण, खटाव, आटपाडीत पोहोचले, तिथे माळ नांगरून ऊस उभा राहिला. चारा छावणीत दिवस काढलेल्या शेतकऱ्याला याबद्दल बोल लावता येणार नाही. पण त्यामुळे उरलेल्या गायरानांचे आणि वनजमिनींचे मोल वाढले आहे, आणि नेमक्या त्याच जमिनींवर परकी झाडे उभी आहेत.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे उदाहरण बोलके आहे. माळढोकासाठी 1979मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याच्या परिसरातही ग्लिरिसिडियाची लागवड झाली होती. माळढोक हा उघड्या गवताळ रानाचा पक्षी. शिकार, शेतीचा विस्तार, बदललेला अधिवास अशा अनेक कारणांनी तो आज तिथून जवळपास नाहीसा झाला आहे.

कायदा काय म्हणतो?

जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय मंच ‘आयपीबीईएस’च्या 2023च्या अहवालानुसार, जगात नोंदवल्या गेलेल्या प्रजाती-नाशाच्या 60 टक्के घटनांत आक्रमक परक्या प्रजातींचा एकट्याने किंवा इतर कारणांसोबत वाटा होता. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022च्या दुरुस्तीने अशा प्रजातींची व्याख्या आली आणि त्यांची आयात, व्यापार, प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. मात्र डोंगरावर आधीच उभ्या असलेल्या लाखो झाडांचे काय करायचे, हे स्थानिक पातळीवरच ठरणार.

मग उपाय काय?

एका दमात सगळी तोड केली तर उतारावरची माती वाहून जाईल आणि बुंधे पुन्हा फुटतील ते वेगळेच. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने विरळणी, वेडी बाभूळ असेल तर मुळासकट काढणी, मोकळ्या जागेत लगेच गवताचे बी किंवा ठोंब आणि पुढची काही वर्षे फुटवे काढत राहणे, हा मार्ग कमी धोक्याचा आहे. चराईबंदी काही काळ पाळावी लागते, म्हणून मेंढपाळांशी आधी बोलावे लागते. मारवेलचे सुधारित वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केले आहेत. चाऱ्यासाठी ते बांधावर आणि शेतात लावता येतात. डोंगरासाठी मात्र त्याच परिसरातले बी चांगले. पाऊस सरल्यावर, कुसळे गळायच्या आत, ते गोळा करता येते.

ग्रामपंचायतींच्या हातातही एक साधन आहे. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्यात गावातली गवते, त्यांची ठिकाणे आणि कोणत्या महिन्यात कोणता चारा मिळतो, हे जुन्या मेंढपाळांकडून लिहून घेतले, तर पुढच्या पावसाळ्यात रोपांची गाडी गावात येईल तेव्हा खड्डे कुठे घ्यायचे आणि कुठे घ्यायचे नाहीत, हे सांगायला हातात कागद असेल.