गोदाकाठचा प्रेतसाधक

मढी उठवून त्यांची फौज उभी करणारा मांत्रिक हा संगणकावरच्या खेळांतला हुकमी खलनायक. २००२ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या अमेरिकी खेळातला केल-थुझाड हा त्यांतलाच एक. मूळचा विद्वान जादूगार. पुढे प्रेतविद्येच्या नादी लागतो, मारला जातो आणि हाडांचा सापळा होऊन परततो. सुटीत लातूरला आमच्याकडे जमणारी पोरे त्याला पाहून किंचाळतात. मला मात्र त्या सापळ्यापेक्षा त्याची आधीची करामत अधिक भयंकर वाटते. हा गृहस्थ गावोगाव रोगट धान्य पाठवतो. लोक ते विश्वासाने खातात, मरतात आणि त्याच्याच फौजेत उभे राहतात. आडत बाजारावर पोसलेल्या लातूरकरांना यातली भीती समजावून सांगायला नको.

पोरांना वाटते, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. पण असा प्रेतसाधक आपल्या गोदावरीकाठी फार पूर्वी येऊन गेला आहे. वेताळाच्या पंचवीस गोष्टी आपण सर्वांनी ऐकलेल्या असतात. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्या गोष्टींचा राजा राहतो तो प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू त्याच्या दरबारात रोज एक फळ आणून देतो. मागत काहीच नाही. असे दहा वर्षे चालते. एके दिवशी माकड ते फळ फोडते आणि आतून रत्न पडते. भांडारात पाहावे, तर जुनी फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग!

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला या कथेत वेताळाआधी हे भांडारच दिसते. दहा वर्षे माल जमा होतो आणि एकदाही कोणी उघडून पाहत नाही! आता राजा मिंधा झालेला. म्हणून अमावास्येच्या आदल्या रात्री स्मशानात जाऊन झाडावरचे प्रेत आणायलाही तो तयार होतो. भिक्षूचा बेत मात्र राजाचाच बळी देऊन विद्याधरांचे राज्य मिळवण्याचा असतो.

खरा मांत्रिक कवटी मिरवत येत नाही. तो फळ घेऊन येतो, गोड बोलतो आणि आपली नड हेरतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्या वटहुकमाखालचा पहिला गुन्हा सप्टेंबरात नोंदला गेला तो आपल्या नांदेडात. तिथे ना स्मशान होते, ना मढे. होती ती वर्तमानपत्रातली एक जाहिरात : एड्स, कर्करोग, मधुमेह बरे करणाऱ्या चमत्कारी उपायाची. ज्याच्या घरात असा रोगी आहे, तो ती जाहिरात हसून बाजूला टाकू शकत नाही. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच. इथे तर माणूस मरायचीही वाट पाहिलेली नाही.

राजा अखेर वाचला. भिक्षू म्हणाला, “साष्टांग दंडवत घाल.” वेताळाने आधीच शिकवून ठेवल्याप्रमाणे राजा म्हणाला, “मला येत नाही, आधी तुम्ही घालून दाखवा.” भिक्षू वाकला आणि राजाची तलवार त्याच्या मानेवर पडली. तलवार तर राजाकडे पहिल्यापासून होती. कामी आले ते ‘आधी दाखवा’ म्हणणे. घरातल्या मुलांना एवढे दोन शब्द न लाजता उच्चारता आले, तर पडद्यावरच्या सापळ्यांशी त्यांनी खुशाल खेळावे.