बेदाणा लवकर कसा वाळतो?

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीत सोनेरी बेदाणे तरंगताना दिसतात. आपण ते आवडीने वेचून खातो. पण हा बेदाणा तयार होत असताना शेतकऱ्याचे डोळे सारखे आभाळाकडे लागलेले असतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मुलांनो, 'बेदाणा' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसीतून मराठीत आला आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'दाना' म्हणजे बी. ज्यात बी नाही, तो बेदाणा. उर्दूत आपण त्याला किशमिश म्हणतो. तसेच उर्दूतील मुनक्का मराठीत मनुका होतो.

महाराष्ट्रात सांगली जिल्हा बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे मोठे सौदे होतात. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

द्राक्षात सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. बेदाण्यात ते पंधरा टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून चार किलो द्राक्षांपासून साधारण एक किलो बेदाणा मिळतो. उरलेले तीन किलो पाणीच असते. ते सगळे हवेत उडून जावे लागते.

मग ते लवकर का उडून जात नाही? याचे उत्तर द्राक्षाच्या सालीवर आहे. ताजे द्राक्ष नीट पाहा. त्यावर भुकटीसारखा पांढुरका थर दिसतो. तो बोटाने पुसला, की खालची साल चकाकते. हा थर धुळीचा नसतो, मेणाचा असतो. मेणाचे अतिशय सूक्ष्म पापुद्रे घराच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेले असतात. ते बाहेरचे पाणी आत येऊ देत नाहीत आणि आतले पाणी सहज बाहेर जाऊ देत नाहीत. वेलीवर असताना हा थर द्राक्षाचा रक्षक असतो. वाळवताना मात्र तोच अडथळा होतो. द्राक्षे तशीच वाळत घातली, तर तीन-चार आठवडे लागतात.

हा अडथळा दूर करण्यासाठी शेतकरी एक सोपी क्रिया करतात. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट विरघळवतात. नंतर त्यात दीड लिटर डिपिंग ऑइल हळूहळू ओतून चांगले ढवळतात. या तेलातील मुख्य पदार्थ इथाइल ओलिएट हा असतो. गोड, पक्व आणि स्वच्छ धुतलेले घड या द्रावणात दोन ते चार मिनिटे बुडवतात. मग ते निथळून शेडमधील जाळ्यांवर पसरतात. या जाळ्या एकावर एक, मजल्यांसारख्या बांधलेल्या असतात. वर छप्पर असल्याने थेट ऊन लागत नाही; बाजूंनी वारा मात्र खेळता राहतो.

द्रावणामुळे मेणाच्या पापुद्र्यांची घट्ट मांडणी बदलते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. साल फाटत नाही, म्हणून रस गळत नाही. आता तेच द्राक्ष सुमारे बारा ते पंधरा दिवसांत वाळते. याचा दुसराही फायदा होतो. कापलेले सफरचंद हवेत ठेवले, की तपकिरी पडते. द्राक्षातही तसाच बदल होत असतो. वाळायला जितका वेळ जास्त, तितका रंग काळपट. लवकर वाळलेला बेदाणा हिरवट-पिवळा राहतो आणि त्याला भाव चांगला मिळतो.

ही युक्ती आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन लेखक होऊन गेला. लाकडाच्या राखेचे पाणी उकळून, त्यात थोडे तेल घालून द्राक्षे बुडवावीत, असे त्याने शेतीवरील ग्रंथात सांगितले आहे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. आणि इथाइल ओलिएट ज्या आम्लापासून बनते, ते जैतूनच्या तेलात भरपूर असते. म्हणजे सामान तेच. फक्त आज ते मोजून-मापून घेतले जाते. अफगाणिस्तानातील एका किशमिशीला 'आबजोश' म्हणतात. आब म्हणजे पाणी आणि जोश म्हणजे उकळी. द्राक्षे उकळत्या पाण्यात बुडवण्याची रीत त्या नावातच जपली गेली आहे.

आता तुम्ही विचाराल, दहा-बारा दिवस वाचले तर एवढे काय झाले? बेदाण्याचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असा असतो. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी अवकाळी पाऊस येतो. वारा आडवा असला, की सरी शेडमध्ये शिरतात. हवा दमट होते. अर्धवट वाळलेला माल भिजला, तर काळा पडतो, त्याला बुरशी लागते. छाटणी, फवारणी, पाणी, मजुरी यांवर वर्षभर केलेला खर्च एका रात्रीत वाया जातो. माल जितके दिवस जाळीवर, तितके दिवस घरातल्या माणसांना नीट झोप नाही. म्हणून तीन-चार मिनिटांच्या त्या बुडवणीत शेतकऱ्याचे सारे वर्ष सावरण्याची ताकद आहे.

पुढच्या वेळी शीरखुर्म्यातला बेदाणा तोंडात टाकाल, तेव्हा सालीवरच्या त्या मेणाची आणि आभाळाकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांची आठवण जरूर ठेवा.

स्वाध्याय
१. द्राक्षावरील मेणाचा थर वेलीवर उपयोगी आणि वाळवताना अडचणीचा का ठरतो?
२. बेदाणा लवकर वाळल्याने कोणते फायदे होतात?
३. करून पाहा : एक सोललेले आणि एक न सोललेले द्राक्ष शेजारी शेजारी उन्हात ठेवा. कोणते आधी सुकते ते रोज पाहा आणि कारण पाच ओळींत लिहा.
४. फारसीतून मराठीत आलेले आणखी पाच शब्द शोधा.