जोडणारे शब्द : इंग्रजीतील कारण, अट आणि विरोध

दोन वाक्ये किंवा दोन शब्द जोडणाऱ्या आणि स्वतः रूप न बदलणाऱ्या शब्दाला मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात. इंग्रजीतील असे शब्द आपल्याकडे बहुधा यादीने पाठ केले जातात आणि त्या यादीत 'बिकॉज', 'सिन्स', 'ॲज' आणि 'फॉर' या चौघांसमोर 'कारण' हा एकच अर्थ लिहिलेला असतो. तो अर्थ चुकीचा नाही. पण हे शब्द एकमेकांच्या जागी का चालत नाहीत, याचा उलगडा त्यातून होत नाही.

'बिकॉज' ऐकणाऱ्याला बहुधा नवे कारण पुरवतो, म्हणून 'व्हाय' या प्रश्नाचे उत्तर त्यानेच सुरू होते. तिथे 'सिन्स' वापरला तर उत्तर अर्धवट वाटते. 'सिन्स'चे मूळ जुन्या इंग्रजीतील 'त्यानंतर' अशा अर्थाच्या शब्दात आहे. जे आधी घडले तेच पुष्कळदा नंतरच्या गोष्टीचे कारण असते, या स्वाभाविक समजुतीतून त्याला कारणाचा अर्थ चिकटला आणि काळाचा अर्थही टिकून राहिला. 'सिन्स'ने सांगितलेले कारण ऐकणाऱ्याला ठाऊक किंवा मान्य आहे असे सहसा गृहीत धरलेले असते, त्यामुळे ते बरेचदा वाक्याच्या आरंभी येते आणि सारा भर पुढच्या निष्कर्षावर राहतो. 'ॲज' याच वळणाचा, पण अधिक मोघम आहे, कारण 'होत असताना' हा अर्थही त्याच्यात मिसळतो. 'फॉर' आता ग्रांथिक झाला असून आधी केलेल्या विधानाला पुष्टी देणारे वाक्य तो जोडतो. ते वाक्य उचलून आरंभी नेता येत नाही.

हा भेद नकारार्थी वाक्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज टायर्ड' या वाक्याचे दोन अर्थ होतात : थकल्यामुळे त्याने राजीनामा दिलाच नाही, किंवा राजीनामा दिला खरा, पण तो थकल्यामुळे नव्हे. 'नॉट'ची सत्ता 'बिकॉज'च्या पलीकडे पोहोचू शकते म्हणून हा घोटाळा होतो. 'बिकॉज'च्या जागी 'सिन्स' घातला, किंवा 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम दिला, की सामान्यतः पहिलाच अर्थ उरतो. करारनाम्यात किंवा खुलाशाच्या पत्रात अशा एका स्वल्पविरामावर बरेच काही अवलंबून असते, आणि तरीही शालेय व्याकरणात या मुद्द्याला फारशी जागा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठीभाषकाची खास अडचण 'ऑलदो'पाशी सुरू होते. 'जर-तर', 'जरी-तरी', 'जेव्हा-तेव्हा' अशा जोड्यांनी मराठी दोन्ही वाक्यांवर खूण करते आणि ही रीत संस्कृतातील 'यद्यपि-तथापि'सारख्या जोड्यांपासून चालत आलेली आहे. इंग्रजीला एरवी एका बाजूची खूण पुरते. म्हणून 'जरी पाऊस होता तरी तो आला' हे मनात जुळवून कोणी 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम' म्हणतो, तेव्हा त्याने मराठीची शिस्त पाळलेली असते आणि इंग्रजीची मोडलेली असते. कारण 'ऑलदो' पहिल्या वाक्याला गौण ठरवतो, तर 'बट' दोन समान दर्जाची वाक्ये जोडतो. 'बट'ऐवजी 'येट' मात्र चालतो, कारण तिथे तो क्रियाविशेषणाचे काम करतो. जुन्या इंग्रजी गद्यात ही जोडी नित्याची होती.

'अनलेस'मध्ये नकार आधीच सामावलेला असल्याने त्याच्या वाक्यात आणखी एक 'नॉट' घातला की अर्थ उलटतो : 'फी भरली नाही तर' असे म्हणायचे असते आणि 'फी भरली तर' असे म्हटले जाते.

काळाच्या बाबतीतही मराठीची सवय आड येते. 'तो येईल तेव्हा सांगेन' यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत. इंग्रजीत 'व्हेन' किंवा 'इफ'च्या वाक्यात साधा वर्तमानकाळ येतो आणि 'विल' फक्त मुख्य वाक्यात राहतो. त्यातही येणे निश्चित असेल तर 'व्हेन' आणि शंका असेल तर 'इफ', एवढी निवड बोलणाऱ्याला करावीच लागते. 'इफ यू विल वेट हिअर' अशा विनंतीत मात्र 'इफ'नंतर 'विल' शुद्ध ठरतो, कारण तिथे तो भविष्यकाळ दाखवत नसून समोरच्याची तयारी विचारत असतो.