आधी कीर्द, मग खतावणी

डेटाबेस ‘कमिट झालं’, म्हणजे व्यवहार पक्का झाला, असं कळवतो, तेव्हा तुमची नोंद डिस्कवरच्या तिच्या तक्त्यात बहुधा पोहोचलेलीच नसते. आणि तरी पुढच्याच क्षणी वीज गेली, तर ती हरवत नाही!

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. त्याचे तक्ते ८ किलोबाइटच्या पानांत मांडलेले असतात. बदल होतो तो मेमरीतल्या पानात. त्याची हकिकत मात्र ‘वॉल’ या लॉगच्या शेवटी जोडली जाते. कमिटच्या वेळी डिस्कवर उतरतो तो फक्त हा लॉग. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत पडायचा आणि खतावणी सवडीने व्हायची, तशी इथे पानं मागाहून, उशिरात उशिरा ‘चेकपॉइंट’ या अधूनमधून येणाऱ्या टप्प्यावर, जागेवर जातात.

२००१ सालच्या ७.१ आवृत्तीआधी प्रत्येक कमिटला बदललेली सगळी पानं डिस्कवर लिहावी लागत. लॉग आला आणि काम सुरक्षित झालं तसंच वेगवानही, कारण विखुरलेल्या पानांपेक्षा सलग लॉग लिहिणं कितीतरी सोपं. तरी मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, प्रत्येक कमिटसाठी एक फेरी थांबलं तर सेकंदाला जेमतेम १२० कमिट होतील. म्हणून एकाच वेळी आलेले अनेक कमिट एकाच लेखनात उरकले जातात.

पान अर्धवट लिहून झालं आणि वीज गेली तर? त्याचीही तजवीज आहे. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं, की ते अख्खंच लॉगमध्ये उतरतं.

२०१८मध्ये एक धक्कादायक गोष्ट उघड झाली. डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर ‘एफसिंक’ला, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का उतरवण्याच्या मागणीला, लिनक्स एकदा अपयश कळवी, तीच मागणी पुन्हा केली की डेटा पोहोचलेला नसतानाही ‘झालं’ म्हणे. २०१९पासून पोस्टग्रेस अशा वेळी दुसरा प्रयत्न करतच नाही. तो मुद्दाम स्वतःला बंद पाडतो, पुन्हा उठतो आणि लॉग वाचत पानं नव्याने घडवतो. स्वतःच्या लॉगवर केवढा हा विश्वास!

म्हणूनच वेगासाठी सेटिंग बदलताना हा विश्वास जपायला हवा. ‘सिंक्रोनस कमिट’, म्हणजे लॉग डिस्कवर उतरेपर्यंत कमिटने थांबणं, बंद केलं, तर वीज गेल्यावर शेवटच्या काही क्षणांचे व्यवहार जातील, पण तक्ते शाबूत राहतील. ‘एफसिंक’ बंद केलं, तर अख्खा डेटाबेसच हातचा जाऊ शकतो.