चार अंशांवरची चांदणी

जर्मनीत ऑक्टोबरच्या अखेरीस एखाद्या सकाळी गाडी सुरू केली की ‘टिंग’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवर तापमानाच्या आकड्याशेजारी बर्फाची चांदणी उजळते. बाहेर बर्फाचा मागमूस नसतो. आकडा असतो चार अंश, काही गाड्यांत तीन. पुण्याहून नुकत्याच श्टुटगार्टला नोकरीला आलेल्या माणसाला प्रश्न पडतो, की पाणी तर शून्याला गोठतं. मग ही गाडी चारलाच का बिचकते?

कारण तिचा सेन्सर हवेचं तापमान मोजतो, रस्त्याचं नाही. निरभ्र रात्री रस्ता, गाडीचं टप, पुढची काच हे सगळे आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत राहतात आणि मोकळ्या आकाशाकडून त्यांना फारसं काही परत मिळत नाही. मग त्यांचं तापमान आसपासच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली घसरतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी जीपच्या टपांवर हिमकण जमल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरांत येतात, तेव्हा वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो, त्याचंही कारण हेच. छपराखाली लावलेल्या गाडीची काच मात्र कोरडी राहते, कारण छप्पर तिला उष्णता परत देत असतं. पुलावरचा रस्ता आधी गोठतो. त्याला खालून जमिनीची ऊब नाही आणि वारा वरून-खालून दोन्हीकडून लागतो.

थंड देशांतल्या गाडीची हिवाळी सामग्री नीट पाहिली तर तिचं भांडण थंडीशी कमी आणि पाण्याशी जास्त आहे. उणे पंधराची कोरडी, कडक थंडी गाडीला तुलनेनं सोपी जाते. खरा त्रास शून्याच्या आसपास, जिथे पाण्याला वाफ, थेंब, बर्फ यांपैकी काय व्हायचं ते ठरवता येत नाही.

बर्फावरून पाय का घसरतो, याचं उत्तर शाळेत बऱ्याच जणांनी पाठ केलेलं असतं: दाबामुळे बर्फ वितळतो आणि पाण्याचा थर तयार होतो. गाडीला हे लावून पाहू. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्यात भरलेल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे दोन-सव्वादोन वातावरण. एक वातावरण दाबानं बर्फाचा द्रवणांक ०.००७५ अंशांच्या आसपास खाली येतो. गाडीच्या वजनानं तो ०.०२ अंशानंही उतरत नाही. उणे पाच अंशांवर गाडी घसरते तिला दाब जबाबदार असूच शकत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८५०मध्येच सुचवलं होतं, की बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही एक पातळ, पाण्यासारखा थर असतो. सर्वांत वरच्या रेणूंना धरून ठेवायला वरून शेजारीच नाहीत, म्हणून ते सैल असतात. घर्षणाची ऊब त्यात भर घालते. जितकं शून्याजवळ, तितका हा थर जाड. म्हणून वितळायला टेकलेला, वर ओल सुटलेला बर्फ सगळ्यांत घातकी आणि उणे वीसवरचा बर्फ त्या मानानं चांगली पकड देणारा.

आता रबर. रस्ता वरून सपाट दिसला तरी डांबराला बारीक खडबडीतपणा असतो, आणि रबर त्या खाचखळग्यांत शिरून पुन्हा बाहेर पडतं, त्यातून पकड मिळते. त्यासाठी ते मऊ हवं. पण प्रत्येक रबराचं एक तापमान असतं, ज्याच्या खाली त्याचे लांबलचक रेणू हालचाल थांबवतात आणि ते काचेसारखं कडक होतं. उन्हाळी टायरचं मिश्रण तापल्या रस्त्यासाठी बनवलेलं असल्यानं पारा उतरू लागला की ते लवकर ताठर होत जातं. टायरवाले सात अंशांची रेघ सांगतात. सात हा काही निसर्गनियम नाही, ठोकताळा आहे. पण उपयोगी ठोकताळा आहे. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबराचं आणि सिलिकाचं प्रमाण जास्त ठेवतात, म्हणून ते उणे तापमानातही लवचीक राहतं.

हिवाळी टायर हातात घेऊन पाहिला तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं चिरल्यासारख्या नागमोडी रेघा दिसतात. ठोकळा जमिनीला टेकून वाकला की या चिरा उघडतात, त्यांच्या शेकडो कडा बर्फावर ओरखडतात आणि वरचं पाणी चिरांमध्ये ओढलं जातं. ठोकळ्यांमधल्या मोठ्या खाचांचं काम निराळंच आहे. त्यांच्यात हिम दाबून भरतं आणि ते भरावं अशीच अपेक्षा असते. हिमाला हिम चांगलं चिकटतं, रबर तितकं चिकटत नाही. त्यामुळे खाचेत अडकलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं आणि गाडी पुढे सरकते. नक्षी झिजून टायर गोटा होत आला की ही सोय संपते. जर्मन कायद्याला १.६ मिलिमीटर खोली पुरते. तिथला मोटार क्लब एडीएसी हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर ठेवा म्हणतो, आणि ऑस्ट्रियात तर हे चार मिलिमीटर कायद्यातच आहेत.

जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमधला, १९३४चा. पुढे नोकियन नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीनं तो ट्रकसाठी बनवला आणि १९३६मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आणला. ते नाव आजही चालू आहे. आज टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर त्यानं हिमावरची ठरलेली चाचणी पार केली आहे, असं समजायचं. नुसती ‘एम+एस’ ही जुनी अक्षरं बनवणारा स्वतःच छापत असे, चाचणीची अट नव्हती. १ ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून डोंगराचं चिन्हच लागतं. तिथे तारखांचं बंधन नाही. रस्त्यावर बर्फ, हिम किंवा चिखलहिम असेल तर हिवाळी टायर सक्तीचे, एवढंच. कॅनडातल्या क्वेबेकनं मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च अशी मुदतच घालून दिली आहे. काढलेले उन्हाळी टायर फ्लॅटमध्ये ठेवायचे कुठे? गॅरेजवाले भाडं घेऊन ते वसंतापर्यंत सांभाळतात, आणि त्या गोदामाला जर्मन लोक चाकांचं हॉटेल म्हणतात.

एक हिशेब मांडण्यासारखा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर सुमारे ५० मीटर लागतात, आणि ओल्या बर्फावर १०० मीटरच्या घरात. ब्रेक दाबेपर्यंत जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. अटल बोगद्याच्या परिसरात हिम पडलं की हिमाचल पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. चढ चढायला हे ठीक आहे. पण फोर बाय फोर गाडी चारही चाकांना जोर देते, आणि थांबवताना तर प्रत्येक गाडीचे ब्रेक चारही चाकांना लागतातच. थांबायच्या बाबतीत तिच्या मालकाला काहीही जादा मिळालेलं नसतं. मिळालेला असतो तो फाजील आत्मविश्वास. उतारावर कलंडलेल्या गाड्यांत एसयूव्ही दिसल्या तर नवल वाटायला नको.

चेनचा शोध न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांचा, पेटंट १९०४चं. चिखलात रुतू नये म्हणून लोक चाकांना दोर गुंडाळत, ते पाहून त्यांना ती सुचल्याचं सांगतात. चेन जोर मिळणाऱ्या चाकांवर लावायची, ताशी ५०च्या वर जायचं नाही आणि काळं डांबर दिसलं की उतरवायची. टायरमध्ये खिळे ठोकण्याचा मार्ग फिनलंड-स्वीडनमध्ये अजून आहे. जर्मनीनं तो सत्तरच्या दशकातच बंद केला, आणि जपाननंही खिळ्यांनी खरवडलेल्या डांबराची धूळ शहरांत साचू लागल्यावर १९९०च्या कायद्यानं त्याला आळा घातला.

हवेचा दाब तर सगळेच विसरतात. वीस अंशांच्या गॅरेजात ३२ पीएसआय भरलेला टायर उणे दहावर २७-२८वर येतो. पंक्चर नाही, गळती नाही. वायूचा साधा नियम.

दिव्यांची गोष्टही बरीचशी पाण्याचीच. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो, हा अनुभव खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात गाडी चालवलेल्या प्रत्येकाला आहे. धुक्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे. प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. थेंब लहरीपेक्षा इतका मोठा असला की तो सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. मग पिवळा दिवा धुकं ‘भेदतो’ या समजुतीला आधार उरत नाही. फ्रान्सनं १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले होते, त्यातून धुक्यावर काही विजय मिळाला नाही. फॉग लॅम्पचं यश रंगात नाही, जागेत आहे. तो खाली असतो, झोत रुंद आणि वरून सरळ रेषेत कापलेला असतो, त्यामुळे डोळ्यांसमोरच्या थेंबांवर प्रकाश पडतच नाही.

मागचा लाल फॉग लॅम्प जर्मनीत ५० मीटरपुढचं दिसत नसेल तरच लावायचा आणि तेव्हा वेगही ५०च्या आतच ठेवायचा. मोजायचं कसं? गावाबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला काळ्या पट्ट्यांचे पांढरे खांब असतात, सरळ रस्त्यावर पन्नास-पन्नास मीटरवर. पुढचा खांब दिसत नसेल तर दिवा लावा. आपल्याकडे घाटात चारही इंडिकेटर लावून चालवायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. थांबलेली गाडी कोणती आणि चालती कोणती, तसंच कोण कुठे वळणार, हे दोन्ही त्यात गायब होतं.

दिवसा आपोआप लागणाऱ्या दिव्यांनी वेगळाच घोळ केला आहे. स्वीडननं १९७७मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले, युरोपीय संघानं २०११पासून नव्या मॉडेलना; आपल्याकडे २०१७पासून दुचाकींचा दिवा कायम चालू असतो. पण बऱ्याच मोटारींत दिवसाचे हे दिवे फक्त पुढे लागतात. दुपारच्या धुक्यात किंवा हिमवर्षावात भरपूर उजेड असतो, त्यामुळे ‘ऑटो’वर ठेवलेल्या सेन्सरला हेडलाइटची गरज वाटत नाही आणि मागची बाजू अंधारीच राहते. तिथे हातानं बटण फिरवण्याला पर्याय नाही. एलईडीचा दोषही हिमातच कळतो. हॅलोजन बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवायचा, ती पुढच्या काचेला लागायची आणि हिम वितळायचं. एलईडीची उष्णता मागच्या पंख्यांकडे जाते, काच गार राहते आणि तिच्यावर हिमाचा लेप बसतो.

आणि आतली काच. चार माणसं गाडीत बसली की श्वासातून आणि त्वचेतून तासाला शंभरहून अधिक ग्रॅम पाणी हवेत सोडतात, बुटांना लागलेलं हिम वेगळं. शून्य अंशाच्या काचेशेजारी एका घनमीटर हवेत जेमतेम पाच ग्रॅम वाफ टिकते. गाडीतली हवा तीन घनमीटर धरली तर पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. बाहेरची हवा आत येत नसेल तर ही मर्यादा सहा-सात मिनिटांत ओलांडली जाते. मुंबईच्या पावसाळ्यात गोल बाणाचं बटण दाबून आतलीच हवा फिरवायची सवय उपयोगी पडते, कारण बाहेरच्या घनमीटरभर हवेत वीसहून जास्त ग्रॅम वाफ असते. तीच सवय श्टुटगार्टच्या जानेवारीत काच पांढरी करते. तिथे बाहेरची शून्य अंशाची हवा आत घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता तिशीच्या आत येते. ओल्या काचेला ती लगेच कोरडं करते.

बाहेर सात-आठ अंश आणि रिमझिम असेल तर सोबत एसी लावायचा, हीटर चालू ठेवून. ऐकायला विचित्र वाटतं, कारण एसी म्हणजे गारवा हे डोक्यात पक्कं असतं आणि बटणावर पुन्हा ती बर्फाची चांदणीच असते. प्रत्यक्षात विलिस कॅरियर यांनी १९०२मध्ये पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसत नसत. हवेतलं पाणी काढणं हेच मूळ काम होतं. गाडीतही हवा आधी गार नळ्यांवरून जाते, पाणी तिथे गळून पडतं, मग ती हीटरवर तापून काचेवर येते. पारा शून्याकडे गेला की नळ्यांवर बर्फ धरू नये म्हणून अनेक गाड्या कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतात. तोवर बाहेरची हवा पुरेशी कोरडी झालेली असते.

ही ऊब आजवर फुकट होती. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतं, त्यातलीच थोडी केबिनला मिळते. इलेक्ट्रिक मोटार इतकी काटकसरी, की तिच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. केबिन तापवायला काही किलोवॅट बॅटरीतूनच काढावे लागतात आणि थंडीत गाडीचा पल्ला घटतो. उष्णता तयार न करता बाहेरच्या हवेतून उपसून आणणारे हीट पंप त्यासाठीच आले. नॉर्वेत २०२४मध्ये विकलेल्या नव्या मोटारींत दहापैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथले अनुभवी लोक गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतून तापवून घेतात, म्हणजे पहिला आणि सर्वांत मोठा खर्च घरच्या विजेवर पडतो. रस्त्यात मग सीटचा आणि स्टिअरिंगचा हीटर. सीटला पन्नास ते शंभर वॅट पुरतात. हवेऐवजी थेट माणूस तापतो.