माळ्यावरील ध्वनिफिती

इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टन ह्या गांवीं ता. ३ जुलै २००१ रोजीं डेलिया डर्बिशायर नांवाच्या एक बाई वारल्या. त्यांचें वय चौसष्ट होतें. पुढें घराची आवराआवर करतांना माळ्यावर न्याहारीच्या धान्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या २६७ ध्वनिफिती सांपडल्या; शिवाय जुन्या कागदपत्रांचा मोठा गठ्ठा. चिठ्ठ्यांचा डिंक वाळून बऱ्याच चिठ्ठ्या गळून गेल्या होत्या. आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्यांत पोथ्यांचे रुमाल सोडावे, आणि ग्रंथ हातीं यावा परंतु शेवटची पुष्पिका नसावी, कर्त्याचें नांव नाहीं, शक नाहीं, लेखकाचें गांव नाहीं, अशी जी अवस्था होते, तीच येथें झाली. भेद इतकाच कीं, पोथी निदान डोळ्यांनीं वाचतां येते. फीत यंत्रावर चढविल्यावांचून मुकी असते.

ह्या डर्बिशायरबाई कोण, हें आपल्याकडील वाचकांस माहीत असण्याचें कारण नाहीं. त्यांचा जन्म १९३७ सालीं कॉव्हेंट्री शहरीं झाला. १९४० सालीं जर्मन विमानांनीं त्या शहराची राखरांगोळी केली, तेव्हां त्या तीन वर्षांच्या होत्या. हल्ल्याची सूचना देणारा भोंगा आणि संकट टळल्याचा भोंगा यांतूनच आपल्याला या नव्या संगीताची पहिली ओळख झाली, अशा आशयाचें त्या पुढें सांगत असत. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत त्यांनीं गणित व संगीत अशा दोन्ही विषयांचा अभ्यास केला. १९५९ सालीं एका नामांकित तबकडी-कंपनीकडे त्या नोकरी मागावयास गेल्या असतां, आमच्या ध्वनिमुद्रणगृहांत आम्ही बायकांस घेत नाहीं, असें उत्तर त्यांना मिळालें. १९६० सालीं त्यांचा बी.बी.सी.मध्यें प्रवेश झाला आणि १९६२ पासून त्या तेथील रेडिओफोनिक वर्कशॉप या शाखेंत काम करूं लागल्या. नभोनाट्यांस व इतर कार्यक्रमांस लागणारे विलक्षण ध्वनि तयार करण्यासाठीं ही शाखा १९५८ सालीं निघाली होती.

हें काम कसें चाले, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण त्याचें सगळें मर्म त्रैराशिकांत आहे. त्या काळचें उत्तम यंत्र एका सेकंदांत पंधरा इंच फीत पुढें सरकवी. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा स्वर पाहिजे असेल तर साडेसात इंच फीत कापावयाची, पाऊण सेकंदाचा पाहिजे असेल तर सव्वाअकरा इंच. फीत दुप्पट वेगानें फिरविली कीं मध्य सप्तकांतील षड्ज तार सप्तकांत जातो. निम्म्या वेगानें फिरविली कीं तो मंद्रांत उतरतो. एकेक स्वर असा मोजून, पात्यानें कापून, एकापुढें एक चिकटवून चाल सिद्ध करावयाची. कळफलक दाबला आणि वाटेल तो आवाज निघाला, अशी सोय तेव्हां तेथें नव्हती. माझ्या हातांखालून गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनीं, गणिताचा व्यवहारांत उपयोग काय, असा प्रश्न मला विचारला आहे. त्यांना दाखवावयास हें उदाहरण फार चांगलें झालें असतें.

डर्बिशायरबाईंचें आवडतें वाद्य म्हणजे पत्र्याची, जुनाट, हिरव्या रंगाची दिव्याची छत्री! तिला टिचकी मारावयाची, आवाज फितीवर घ्यावयाचा, आणि मग फितींतील आघाताचा भाग कापून टाकून मागें राहणारा नादच तेवढा ठेवावयाचा. सहारा वाळवंटांतील तुआरेग लोकांविषयींच्या चित्रपटासाठीं १९६७ सालीं त्यांनीं जें संगीत रचलें, त्यांत या छत्रीचाच नाद आहे. हें वाचून मला आपल्या शार्ङ्गदेवाची आठवण झाली. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या या पंडितानें स्वराचें लक्षण करतांना अनुरणनावरच भर दिला आहे. प्रथम कानीं पडणारी श्रुति निराळी, आणि तिच्या मागोमाग येणारा स्निग्ध गुंजारव तो स्वर, असा त्याचा आशय. पात्यानें आघात कापून अनुरणन ठेवणाऱ्या या बाईनें तें लक्षण न वाचतां अमलांत आणलें.

१९६३ सालीं बी.बी.सी.वर ‘डॉक्टर हू’ नांवाची मालिका सुरू झाली. तिची चाल रॉन ग्रेनर या संगीतकारानें कागदावर लिहून दिली. तिला नादरूप दिलें तें डर्बिशायरबाईंनीं. एका ताणलेल्या तारेचा छेडलेला आवाज आणि यंत्रांच्या तपासणीसाठीं वापरले जाणारे ध्वनिजनक, एवढ्या सामग्रींतून ती चाल उभी राहिली. ग्रेनरनें ती ऐकली तेव्हां, हें मींच लिहिलें का, असें त्यानें विचारलें, आणि बरेंचसें आपणच, असें उत्तर बाईंनीं दिलें, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ग्रेनर प्रामाणिक होता. आपल्या मानधनांतील निम्मा वांटा बाईंस मिळावा अशी त्याची इच्छा होती. परंतु शाखेंतील नोकरांनीं निनांवी राहावें, हा संस्थेचा नियम. पडद्यावर केवळ शाखेचें नांव येई. त्या मालिकेंत डर्बिशायरबाईंचें नांव पहिल्यानें झळकलें तें २०१३ सालीं, म्हणजे चालीस पन्नास वर्षें आणि बाईंच्या मृत्यूस बारा वर्षें झाल्यावर. त्यांनीं १९७३ सालींच ती नोकरी सोडली होती. मध्यंतरीं वायूच्या नळांची कामें चालू असलेल्या ठिकाणीं बिनतारी संदेश देण्याचें कामहि त्यांनीं केलें.

आतां खरी मौज अशी कीं, ज्या संस्थेंत हें सारें घडलें तिनें आपल्या अनेक फिती स्वतःच पुसून टाकल्या. फीत महाग, एकदां कार्यक्रम होऊन गेला कीं तीवरच दुसरा मुद्रित करावयाचा, ही रीत. ‘डॉक्टर हू’चे अनेक जुने भाग ह्याच काटकसरींत नाहींसे झाले. सरकारी वहीची पाठकोरी पानें वापरणाऱ्या आमच्या पिढीला ही काटकसर समजते, तरीहि ती सोसवत नाहीं. अशा स्थितींत एका एकट्या बाईनें खोक्यांत भरून माळ्यावर टाकलेला ठेवा शाबूत राहिला. त्या शाखेच्या फितींची मांडणी करणारे मार्क एअर्स यांच्या हातीं तो आला, आणि २००७ सालीं मँचेस्टर विद्यापीठाच्या स्वाधीन झाला. तेथें फिती एकेक करून ऐकून, ओळखून, त्यांच्या नव्या प्रती करण्यांत आल्या. त्यांत १९६० नंतरच्या दशकांतील एक लहानसा तुकडा निघाला. त्याची लय आजच्या तरुणांच्या नाचाच्या संगीताची! ऐकणारे थक्क झाले. त्याच फितीवर बाईंचा आवाज आहे, आणि त्या सांगतात कीं, हें केवळ गंमत म्हणून केलें आहे, विसरून जा.

जॅझ संगीताची कथा थोडक्यांत सांगतों, कारण त्या संगीताचा मी रसिक म्हणविण्याइतका जाणकार नाहीं. तें मूळचें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें. ठरलेल्या चालीवर आयत्या वेळीं उपज करीत जाणें हा त्याचा प्राण असल्यामुळें, ख्याल ऐकलेल्या कानांस तें अगदींच परकें वाटूं नये. युरोपांत गेल्यावर त्यानें तेथील वळण घेतलें. १९३४ सालीं पॅरिसमध्यें जँगो राइनहार्ट या जिप्सी वादकाची पांच जणांची मंडळी निघाली. त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें १९२८ सालीं आगींत निकामी झालीं होतीं, आणि तरी गिटार वाजवावी तर त्यानेंच. लंडनमध्यें टबी हेझ हा सॅक्सोफोनवादक असाच असामान्य निघाला. जन्म १९३५, मृत्यु १९७३; अवघें अडतीस वर्षांचें आयुष्य. १९६९ सालीं त्यानें आपल्या लहान मंडळीसह कांहीं ध्वनिमुद्रणें केलीं. परंतु काळ बदलला होता आणि बाजारांत लोकप्रिय गाण्यांची चलती होती. त्यामुळें तीं मुद्रणें कपाटांत राहिलीं. तीं प्रसिद्ध झालीं २०१९ सालीं, बरोबर पन्नास वर्षांनीं. संग्रहाचें नांव, शब्दशः सांगावयाचें तर, ‘मक्याच्या कण्या, घेवडा आणि पालेभाज्या’. वादकाला जेवणाची आवड असावी.

आपल्या मुलखाशीं जॅझचा संबंध गोव्याच्या वाटेनें आला. तेथील चर्चच्या शाळांत मुलांस पाश्चात्य स्वरलिपि शिकवीत, आणि तीं मुलें मोठीं होऊन मुंबईच्या हॉटेलांत व पुढें चित्रपटांत वाजवावयास येत. अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रंपेटवादक त्यांपैकींच. पुणतांब्याच्या चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्र यांचा, १९५१ चा ‘अलबेला’ घरोघर गुणगुणला गेला, त्याच्या वाद्यमेळांत या मंडळींचा हात होता. तबकडीवर मात्र गायकाचें व संगीतदिग्दर्शकाचें नांव छापलेलें असे. वाद्यें वाजविणाऱ्यांचें व त्यांची मांडणी करणाऱ्यांचें क्वचितच. नरेश फर्नांडिस यांनीं आपल्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथांत ही हकीगत खटपटीनें जमविली आहे.

ज्या शोधाचा मला सर्वांत अधिक विस्मय वाटला तो मात्र अहमदाबादेंतील आहे. त्याचा धागा १९४६ सालापासून धरावा लागतो. अंबालाल साराभाई यांच्या कन्या गीताबेन त्या वर्षीं अमेरिकेस गेल्या. त्या पखवाज शिकलेल्या, आणि पाश्चात्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतो आहे याची त्यांना चिंता होती; म्हणून तें संगीत मुळांतून समजून घ्यावें हा हेतु. न्यूयॉर्क येथें जॉन केज या तरुण संगीतकारानें त्यांना पाश्चात्य स्वररचना शिकविली, आणि मोबदला म्हणून त्यांच्याकडून भारतीय संगीत शिकून घेतलें. पैशाचा व्यवहार नाहीं. विद्येनें विद्या फेडली. परत निघतांना गीताबेननीं त्यांना श्रीरामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा ग्रंथ भेट दिला. चित्त शांत व निर्मळ करून त्यांत दैवी प्रभावास वाव करून देणें हें संगीताचें प्रयोजन, असें गीताबेनच्या गुरूंचें मत केज पुढें जन्मभर सांगत राहिले. त्यांनीं १९४६ ते १९४८ या काळांत पियानोच्या तारांमध्यें खिळे, स्क्रू, रबराचे तुकडे अडकवून एक वीस भागांची रचना केली. तिचा विषय आपले नवरस! भरतमुनींनीं आठ रस सांगितले, नववा शांत पुढें मान्य झाला, आणि अभिनवगुप्तानें तर त्यास सर्वांचें मूळ मानलें. केज यांच्या रचनेचा ओढा शांताकडेच आहे. तारांत खिळे घालणें हा प्रकार प्रथम ऐकतां पोरकट वाटतो. रचना ऐकल्यावर मत बदलतें. निदान माझें बदललें.

ह्याच केज यांची एक रचना १९५२ सालीं डेव्हिड ट्यूडर नांवाच्या वादकानें लोकांपुढें सादर केली. तींत तो पियानोपुढें साडेचार मिनिटें कांहींहि न वाजवितां बसला. हें संगीत कीं मौनव्रत, हा वाद तेव्हांपासून चालू आहे. मी त्यांत पडत नाहीं. १९६४ सालीं केज आणि ट्यूडर एका नृत्यमंडळीबरोबर भारतांत आले व साराभाई कुटुंबाचे पाहुणे झाले. आणि १९६९ सालीं ट्यूडर अहमदाबादेंतील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत ध्वनिसंश्लेषक यंत्र घेऊन आला. गीताबेनचे बंधु गौतम व भगिनी गिरा यांनीं ती संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला होता. यंत्र अमेरिकेंतील रॉबर्ट मोग यांच्या बनावटीचें. (इंग्रजी अक्षरें पाहून ‘मूग’ म्हणण्याचा मोह होतो, पण तें आपल्या स्वयंपाकघरांत शोभेल.) विजेच्या स्पंदनांपासून ध्वनि घडविणारें हें यंत्र जगांतहि तेव्हां दुर्मिळ होतें, आणि तें भारतांतील एका शिक्षणसंस्थेंत विद्यार्थ्यांच्या हातीं पडलें.

तेथें १९६९ ते १९७२ पर्यंत खुद्द गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि विद्यार्थिदशेंतील जिनराज जोशीपुरा यांनीं रचना केल्या. जपानांतील ओसाका येथें १९७० सालीं भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठीं देसाई यांनीं ध्वनिमुद्रणें केलीं. माथुर यांच्या एका रचनेच्या नांवाचा अर्थ ‘एकदां मी तंबोरा वाजविला’ असा आहे; जोशीपुरा यांनीं अंतराळांत जाणाऱ्या जहाजाची कल्पना करून तिला सन २००१ असा आंकडा जोडला. नंतर सारें थंडावलें. फिती संस्थेच्या संग्रहांत पडून राहिल्या, आणि भारतांत असें कांहीं झालें होतें याची जाणत्यांनाहि विस्मृति पडली. इलेक्ट्रॉनिक संगीताचे इतिहास पॅरिस, कोलोन, न्यूयॉर्क येथेंच घुटमळत राहिले. २०१७ सालीं पॉल पुर्गस नांवाच्या लंडनच्या कलावंतानें तेथें शोध घेतला, तेव्हां त्यास सत्तावीस रिळें मिळालीं. त्यानें त्यांवर बी.बी.सी.साठीं २०२० सालीं एक कार्यक्रम केला. २०२३ सालीं निवडक रचना तबकडीवर निघाल्या, आणि प्रत्येक रचनेपुढें कर्त्याचें नांव छापलें गेलें. गीताबेन तें पाहण्यास नव्हत्या. त्या २०११ सालीं निवर्तल्या.

आपल्या घरांतूनहि मैफलींच्या, कीर्तनांच्या, आजोबांच्या स्तोत्रपठणाच्या फिती व कॅसेटी माळ्यावर असतात, म्हणून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहभस्माचा लेप. तो लेप ज्या चिकट द्रव्यानें बसविलेला असतो तें दमट हवेंत ओल धरतें. मग फीत यंत्राच्या तोंडाला चिकटते आणि लेपच सुटून येतो. अशी फीत, ‘चालते का पाहूं’ म्हणून घरच्या जुन्या यंत्रावर कधींहि चढवूं नये. जाणकार लोक चिकटलेली फीत मंद, मोजलेल्या उष्णतेंत कांहीं तास ठेवून कोरडी करतात आणि लगेच तिची प्रत करून घेतात. पण ही रीत सर्व जातींच्या फितींस चालत नाहीं, तेव्हां घरीं प्रयोग करूं नये. आपल्याकडील पावसाळ्यांत पांढरी बुरशी येते. ती दिसलेली फीत इतरांपासून वेगळी करावी. खोकीं ट्रान्सफॉर्मर किंवा मोठ्या ध्वनिवर्धकाजवळ ठेवूं नयेत, कारण चुंबकानें लिहिलेलें चुंबकच पुसतो. आणि खोक्यावरची चिठ्ठी गळून पडली असली तर ती केरांत टाकूं नये; तीवरचें अक्षर कोणाचें, आणि फितीवरचा आवाज कोणाचा, हें ओळखणारें माणूस घरांत असेपर्यंत त्यास विचारून, पेन्सिलीनें खोक्यावर लिहून ठेवावें.