साडेपस्तीसमधला अर्धा कुठून आला?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ दिलेलं असतं. मुलं विचारतात, अणूतले कण तर अख्खे मोजतात, मग हा अर्धा कुठला? त्याचं उत्तर आपल्या बचत गटाच्या वहीतच सापडतं. म्हणून आधी वहीकडे वळू.

समजा, पापडासाठी गटाने उडीद डाळ घेतली. ३० किलो १२० रुपयांनी आणि १० किलो १०० रुपयांनी. सरासरी भाव किती पडला? दोन्ही भावांची बेरीज करून निम्मी केली, तर ११० येतात. पण आपण पैसे किती मोजले? ३,६०० आणि १,०००, म्हणजे ४,६००. त्याला ४० किलोंनी भागलं की येतात ११५. महाग डाळ जास्त होती, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. ११० धरून पापडाचा भाव लावला, तर किलोमागे ५ रुपये, म्हणजे ४० किलोंना २०० रुपये गटाच्या अंगावर पडतात.

आता क्लोरीन. तो आपल्या मिठात असतो, विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरमध्येही असतो. त्याचे अणू दोन प्रकारचे. दोन्हींत प्रोटॉन १७च. पण एकात न्यूट्रॉन १८, दुसऱ्यात २०. म्हणून एकाचं वस्तुमान ३५, दुसऱ्याचं ३७. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात. शंभर अणू घेतले, तर साधारण ७५ हलके आणि २५ जड निघतात.

हिशेब डाळीचाच करू:

७५ × ३५ = २,६२५
२५ × ३७ = ९२५
एकूण ३,५५०; भागिले १०० = ३५.५

म्हणजे ३५.५ वस्तुमानाचा अणू एकही नसतो. आपणही ११५ रुपयांनी एक किलोसुद्धा डाळ घेतली नव्हती!

ब्रोमीनचे ७९ आणि ८१ हे दोन प्रकार मात्र जवळजवळ निम्मे निम्मे असतात. तिथे सरळ मधला आकडा, ८०, चालतो. प्रमाण सारखं असेल तरच असं करायचं.

आता एक गणित तुमच्यासाठी. कॅरमवर टाकतात त्या बोरिक पावडरमध्ये बोरॉन असतो. त्याच्या शंभर अणूंत साधारण २० अणू १० वस्तुमानाचे आणि ८० अणू ११ वस्तुमानाचे. मुलांना शेजारी बसवून करा. उत्तर १०.८ आलं, की गटाचा हिशेबही तुम्हाला कोणी चुकवू शकणार नाही.